लाल शिडाच्या होड्या

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, "आयटीबद्दल बोलू नकोस. आपल्या तुकडीत आयटीवाले ढिगाने आहेत आणि सगळे एकच बोलतात. तू तुझ्या त्या होड्यांबद्दल बोल." तेव्हा पुढची पंधरा-वीस मिनिटं होड्या. ज्यांना स्वयंपाकाचा वास यायला लागलाय त्यांनी थोडा धीर धरावा.

मी इंग्लंडमध्ये डर्बी शहराजवळ राहते. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. खरं तर दुसऱ्यांनी पूर्वी लिहिलेलं चालू ठेवते. आणि शनिवार-रविवारी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करते. गेल्या नऊ वर्षांत अकरा होड्या हाताखालून गेल्या. त्यातल्या सात पुन्हा पाण्यात उतरल्या. उरलेल्या चारांचं काय झालं तेही सांगणार आहे.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मिरकरवाड्यावरून जाताना नाकाला रुमाल लावायचीस, आणि तिकडे जाऊन होड्या घासतेस?" तिचं बरोबर आहे. रत्नागिरीत असताना मी कधी शिडाच्या होडीत बसले नाही. आणि आता राहते कुठे, तर ब्रिटनमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांब असलेलं गाव ज्या डर्बीशायरमध्ये आहे, तिथे. अर्थात तिकडचं "सगळ्यात लांब" म्हणजे ११३ किलोमीटर. आपल्याला रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायलाही त्याहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. समुद्र नसला तरी धरणांचे जलाशय आहेत, वाळू-खडी काढून झालेल्या खाणींमध्ये साठलेली तळी आहेत, आणि त्यांच्या काठाने शिडाच्या होड्यांचे क्लब आहेत. मुलीला तिथल्या शिकवणीला सोडायला जायचे, तिथून हे सुरू झालं.

क्लबच्या कुंपणाशी, खाजकुयलीसारख्या एका झुडपात, एक होडी पालथी पडलेली होती. चपट्या नाकाची, लहानशी. रंग पापुद्रे धरून सुटलेला. मी सहज विचारलं, ही कोणाची? उत्तर मिळालं, "कोणाचीच नाही. पाच नोव्हेंबरला जाणार." पाच नोव्हेंबर म्हणजे तिकडची होळी. त्या रात्री गावोगावी शेकोट्या पेटवतात आणि वर्षभराचं अडगळीतलं लाकूड त्यात जातं. आपल्याकडे शिमग्याला कोणाचं काय उचलून नेतील याचा नेम नाही, तसंच थोडंफार.

ती होडी "मिरर" जातीची होती. ही मिरर काय आहे ते थोडं सांगते, कारण मी जे करते त्याचं मूळ तिथे आहे.

१९६० पर्यंत शिडाची होडी हा पैसेवाल्यांचा छंद होता. होडी बांधायची तर कसबी कारागीर हवा, वाकवलेल्या फासळ्या हव्यात, मोठी जागा हवी. मग 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने ठरवलं की सामान्य वाचकाला परवडेल आणि घरी बांधता येईल अशी होडी काढायची. जॅक होल्ट हे नावाजलेले होडी-रचनाकार, आणि बॅरी बकनेल हे बीबीसीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे गृहस्थ. या दोघांनी मिळून ती तयार केली आणि १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या बोट-प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. सगळा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना. कापून ठेवलेले प्लायवुडचे तुकडे, तांब्याची तार, काचतंतूची पट्टी, राळेचा डबा, डोलकाठी, शिडं आणि एक पुस्तिका.

युक्ती अशी होती. प्लायवुडच्या तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि ते तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे. परकर शिवतो तसे. तारा पिळत गेलं की सपाट तुकडे आपोआप वळतात आणि होडीचा आकार घेतात. मग सांध्यावर आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची आणि बाहेर आलेल्या तारा कापून टाकायच्या. फासळ्या नाहीत, साचा नाही, वाफेवर लाकूड वाकवणं नाही. लांबी ३.३ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन साधारण ४५ किलो. डोलकाठी मुद्दाम दोन भागांत, म्हणजे सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि सगळं गाडीच्या टपावर बांधून नेता येतं. शिडं लाल. लांबूनही मिरर ओळखू येते ती त्यामुळे.

लोकांनी त्या होड्या बैठकीच्या खोलीत बांधल्या, गॅरेजमध्ये बांधल्या, शाळांच्या कार्यशाळांत मुलांनी बांधल्या. आजवर ७०,००० हून जास्त झाल्या. इंग्लंडमध्येच ए. जे. मॅकिनन नावाचे एक शिक्षक होते. १९९७ मध्ये त्यांनी शाळा सोडताना निरोपाच्या गाडीऐवजी मिरर घेतली, आणि नद्या-कालव्यांतून वल्हवत, शीड लावत ते पार काळ्या समुद्राला जाऊन पोचले. त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. इथे बसलेल्या निवृत्त सर-बाईंना मी काही सुचवत नाहीये.

तर अशी ही होडी. तिची गंमत मला नंतर कळली: जी वस्तू सामान्य माणसाने बांधावी म्हणून रचलेली असते, ती सामान्य माणसाला दुरुस्तही करता येते. तिच्यात झाकलेलं काही नसतं. कुठला तुकडा कुठे आणि का, हे बघणाऱ्याला दिसतं.

पण वाचवायच्या आधी बघावं लागतं की वाचण्यासारखं काय उरलंय. हे मला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारते, तिकडची रीतच तशी. पण तुमच्याशी बोलताना ते आजोबाच. डर्बी म्हणजे रेल्वेच्या डब्यांचं गाव. आजोबांनी उभी हयात तिथे डब्यांचं सुतारकाम केलं. मी ती पहिली होडी गाडीच्या टपावर बांधून आणली तेव्हा ते कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी आधी विचारलं, "पाणी कुठे साचत होतं?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याला वाटतं होडीचा शत्रू समुद्र. खारं पाणी लाकडाला फारसं कुजवत नाही, कारण कुजवणारी बुरशी मिठात नीट वाढत नाही. लाकडी होडी मारतं ते पावसाचं गोडं पाणी, आणि तेही एका जागी साचून राहिलेलं. म्हणून आपले कोळी जूनच्या आधी होड्या वर ओढतात, वर झापं घालतात आणि बाजूने वारा खेळता ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी कोरडी राहिली पाहिजे हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तिकडे मात्र लोक होडीवर प्लास्टिकचं कापड करकचून बांधतात आणि निर्धास्त होतात. आत वाफ धरते, थेंब होतात, आणि होडी आतल्या आत कुजते.

मिररमध्ये कुजण्याच्या जागा ठरलेल्या. मागच्या उभ्या फळीचे खालचे कोपरे. मधली फळी ज्या खोबणीतून खाली सोडतात तिचा तळ. डोलकाठी टेकते ती जागा. आणि हवेच्या टाक्या. मिररमध्ये चार बंद टाक्या असतात, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून. त्यांची बुचं हिवाळ्यात उघडी ठेवायची असतात. कोणीतरी एका वर्षी बुच काढायला विसरतं, आणि टाकीत पेलाभर पाणी वर्षानुवर्षं राहतं.

आजोबांची तपासायची पद्धत अशी: स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या अंगावर ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं थप्प वाजतं. जिथे थप्प, तिथे खडूने गोल. मग त्या गोलात टोचा दाबून बघायचा. सहज रुतला तर गोल मोठा करायचा. आपण बाजारात नारळ आणि कलिंगड निवडतो, त्याहून वेगळं काही नाही. पहिल्या होडीवर एकोणीस गोल झाले. मला वाटलं आटोपलं. आजोबा म्हणाले, चांगली आहे, तळ शाबूत आहे.

त्यानंतर महिनाभर काहीच करायचं नसतं. छपराखाली, हवेशीर, होडी नुसती वाळू द्यायची. हा महिना सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात. पण ओल्या लाकडावर लावलेला रंग आणि गोंद दोन्ही फुकट जातात.

मग जुना रंग काढणं. उष्ण हवेचं यंत्र आणि खरवडणी. सांध्यांच्या जवळ यंत्र न्यायचं नाही, कारण उष्णतेने जुनी राळ मऊ होऊन पट्टी सुटते. तिथे हातानेच घासायचं. तोंडाला चांगला मास्क हवा. त्या काळातल्या रंगात शिसं असू शकतं. दोन शनिवार-रविवार यात जातात, खांदे भरून येतात, आणि मग एक दिवस खालून मूळचं तांबूस लाकूड वर येतं. तेव्हा मात्र रात्रीचं जेवण झाल्यावरही मी टॉर्च घेऊन बघायला जाते.

कुजलेला तुकडा कापून काढतात आणि नवीन बसवतात, तो जोड तुम्हाला सांगायलाच हवा. समोर आपले कार्यशाळेचे सर बसलेत, चुकलं तर टोकतील. प्लायवुड ५ मिलिमीटर जाडीचं. जुन्या तुकड्याची कड आणि नव्याची कड, दोन्ही रंध्याने तिरकी उतरवायची, एकास आठ या उताराने. म्हणजे ५ मिलिमीटरसाठी ४० मिलिमीटरचा उतार. दोन उतार एकमेकांवर बसले की मधे चिकटायला भरपूर जागा मिळते आणि जाडी कुठेही वाढत नाही. चांगला जमला तर वाकवतानाही तुकडा एकच असल्यासारखा वाकतो. चिकटवायला इपॉक्सी, आपल्या अराल्डाइटचा थोरला भाऊ म्हणा. ते नेमक्या प्रमाणात मिसळावं लागतं आणि थंडीत ते घट्टच होत नाही. इंग्लंडच्या जानेवारीत मी होडीच्या पोटाखाली हीटर ठेवून, वरून घोंगडी घालून बसलेली असते. आमच्या ह्यांचं म्हणणं, आमच्या बाळंतपणातही एवढी शेक-शेगडी झाली नव्हती.

सर, आठवीत तुम्ही आम्हाला लाकडी चौकट करायला दिली होती. टेक्निकलला त्या वर्षी आम्ही मुली पाचच होतो. सांधा बसेना की आम्ही मोगरी उचलायचो. तुम्ही मागून येऊन मोगरी काढून घ्यायचात आणि म्हणायचात, "बसत नाही म्हणून ठोकू नका. कुठे अडतंय ते बघा." नऊ वर्षांत मी हे वाक्य गॅरेजमध्ये किती वेळा मनात म्हटलं असेल याचा हिशोब नाही. ऑफिसमध्ये तर मोठ्याने म्हणते. इंग्रजीत भाषांतर करून. तिथेही काम तेच आहे: वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम, लिहिणारे निघून गेलेले, आणि नवीन मुलं बसत नाही ते ठोकून बसवायला निघालेली.

शेवटी टाक्या तपासायच्या. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुचाच्या भोकातून तोंडाने हलकेच हवा भरायची, आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. सायकलची पंक्चर काढणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बुडबुडा आला की पुन्हा तो सांधा. नाही आला की रंग, व्हार्निशचे सहा-सात हात, प्रत्येक हातानंतर सँडपेपर, आणि मग पाणी.

ती पहिली होडी आठ महिन्यांनी तळ्यात गेली. शिडावर आकडा असतो, त्यावरून साधारण वय कळतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. आज दोन भाऊ ती चालवतात, मोठा तेरा वर्षांचा आहे.

पैशांचा हिशोब विचारू नका. जुनी मिरर बऱ्याचदा फुकट मिळते, तिची नवी शिडं होडीपेक्षा महाग पडतात, आणि दुरुस्त करून विकली तर सामानाचा खर्चही निघत नाही. मजुरी तर धरायचीच नाही.

आता त्या चार होड्यांबद्दल.

त्यातली एक विशेष सांगण्यासारखी आहे. साठीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांनी त्या लहान असताना एका हिवाळ्यात बैठकीच्या खोलीत मिरर बांधली होती. बांधून झाल्यावर ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा खिडकीची चौकट काढावी लागली. वडील आता वृद्धाश्रमात, घर विकायला काढलेलं. "जाळू नका एवढंच," बाई म्हणाल्या. मी आणि आजोबा गेलो. होडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, वीस वर्षं. ठोकायची गरजच पडली नाही. तळावर हात ठेवला तर प्लायवुडचे थर ओल्या वहीच्या पानांसारखे सुटले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. सगळं नवीन घालून ती होडी उभी करता आली असती. पण तळ नवा, बाजू नव्या, टाक्या नव्या. वडिलांच्या हातचं त्यात उरणार काय, फक्त आकडा. आणि तेवढ्या प्लायवुडमध्ये, तेवढ्या महिन्यांत, दुसऱ्या दोन होड्या वाचल्या असत्या, ज्या आमच्या रांगेत उभ्या होत्या. मी त्यांना तसंच सांगितलं. सोपं नव्हतं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चालेल, पण मला बघू दे तुम्ही कशी उघडता ते."

त्या दोन दिवस आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसल्या. आम्ही डोलकाठी, सुकाणू, मधली फळी, पितळी कड्या, लाल शिडं, सगळं जपून काढलं. टाकी उघडली तर आतल्या लाकडावर पेन्सिलने इंचांतली बेरीज, "डावी", "उजवी" अशा खुणा, आणि एका ठिकाणी लहान मुलाच्या हातची दोन अक्षरं. त्या बाईंचीच. मागची फळी वरच्या अर्ध्यात शाबूत होती. तेवढी कापून, वाळवून, व्हार्निश करून त्यांना दिली. त्यांनी ती वडिलांच्या खोलीत नेली. वडिलांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाकीची कुठे?" मुलीने खरं सांगितलं: काठी एका होडीत, सुकाणू दुसऱ्या. त्यावर ते म्हणाले, "मग ठीक."

उरलेल्या तीनही अशाच दुसऱ्या होड्यांमध्ये गेल्या. त्यामुळे आमच्या सात होड्या म्हणजे खरं तर अकरा आहेत.

मला जास्त काळजी वाटते ती होड्यांपेक्षा हातांची. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांना रेघ नीट दिसत नाही. उतार बरोबर आलाय का हे ते अंगठा फिरवून सांगतात, आणि ते चूक निघालेलं मी पाहिलेलं नाही. ज्यांनी या होड्या बांधल्या ती पिढी चालली. त्यांच्यामागून आलेली आमच्या ऑफिसातली मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या हाताने कधी काही उघडलेलंच नाही. बिघडलं की बदलायचं. माझी गोष्ट त्यांच्याहून वेगळी का, याचा विचार केला तर उत्तर एवढंच येतं की तेराव्या वर्षी कोणीतरी माझ्या हातात रंधा दिला होता आणि आठवड्याला ठरावीक तास दिला होता. पस्तिशीत गॅरेजमध्ये उभी राहिले तेव्हा हात लाकडाला बिचकला नाही. त्याचं श्रेय माझं नाही, या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या इमारतीचं आहे.

काल संध्याकाळी मी ती इमारत बघून आले. कुलूप होतं. खिडकीतून दिसलं ते असं: आपली बाकडी आहेत, शिकंजे आहेत, त्यांच्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. छप्पर एका कोपऱ्यात गळतंय. पाणी कुठे साचतं ते मी बघून ठेवलंय.

आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने चर्चा चालली आहे की जमलेल्या निधीतून शाळेला काय द्यायचं. दोन डिजिटल फळे द्यावेत असं बहुतेकांचं मत आहे. माझा धंदाच तो असल्यामुळे मी विरोधात बोलेन असं कोणाला वाटणार नाही. माझं म्हणणं एवढंच: एक फळा द्या. दुसऱ्याच्या पैशांत छप्पर, सहा जोड हत्यारं, आणि गावातल्या एखाद्या अनुभवी सुताराला आठवड्यातून दोन दिवसांचं मानधन. कमी पडेल ते मी घालेन. डिसेंबरची माझी तीन आठवड्यांची रजा दर वर्षी इथे देईन.

आणि होडी बांधायची घाई नको. पहिल्या वर्षी मुलांनी वर्गातली मोडकी बाकं दुरुस्त करावीत. सकाळी मोजली, फक्त खालच्या मजल्यावर तेवीस निघाली. त्यातल्या एकावर आपल्या तुकडीतल्या दोघांची नावं कर्कटकाने कोरलेली आहेत. कोणाची ते मी सांगत नाही, दोघंही आज सहकुटुंब आले आहेत.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. जेवण झाल्यावर साडेतीनला कार्यशाळेचं कुलूप उघडणार आहे. सर येणार आहेत. ज्यांना यायचं त्यांनी या. आधी ते गठ्ठे उचलायचे आहेत, त्याला माणसं लागतील.